कातळ कोरून केलेले मैदान

मेक्सिको सिटीच्या दक्षिण अंगाला इन्सुर्हेन्तेस नावाच्या लांबलचक रस्त्याने निघाले की उजव्या हाताला काळ्या दगडांचा एक रुंद, तिरका उतार दिसू लागतो. आपल्याकडच्या माणसाला आधी धरणाच्या बांधाची आठवण व्हावी, असा. खांब नाहीत, उंच भिंती नाहीत. एखादी टेकडी कुणी नीट घडवून ठेवावी तसा तो आकार आहे. त्याच्या पोटात धावपट्टी आणि मैदान आहे हे आत शिरल्याशिवाय कळत नाही. हे मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचे, म्हणजे 'उनाम'चे, ऑलिंपिक स्टेडियम. २० नोव्हेंबर १९५२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. २० नोव्हेंबर २०२७ ला त्याला ७५ वर्षे पूर्ण होतात. त्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने हा इतिहास.

जगाने हे मैदान ओळखले ते १९६८ च्या ऑलिंपिकमुळे. पण ते ऑलिंपिकसाठी बांधलेले नाही. ते विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी बांधले, आजही ते विद्यापीठाचेच आहे, आणि त्याच्या वाट्याला आलेले मोठेपण नि दुःख दोन्ही विद्यार्थ्यांच्या संगतीने आले. ऑलिंपिकचे पंधरा-सोळा दिवस सांगून थांबले तर या वास्तूवर अन्याय होईल असे मला वाटते.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी शित्ले नावाचा एक छोटा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या लाव्ह्याने या भागातली शेतशिवारे, वस्त्या गाडून टाकल्या. कुइकुइल्को येथील प्राचीन वर्तुळाकार पिरॅमिडही त्या थराखाली अर्धाअधिक बुडाला. थिजलेल्या लाव्ह्याचे हे रान म्हणजे पेद्रेगाल, शब्दशः दगडाळ माळ. भेगा, कपारी, गुहा, निवडुंग. दगड बसाल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या जातीचा, त्याच जातीचा. नांगराला दाद न देणाऱ्या या रानात शतकानुशतके फार कोणी राहायला गेले नाही.

विद्यापीठ त्या वेळी शहराच्या जुन्या पेठांत विखुरलेले होते. १५५१ साली स्थापन झालेले, १९१० मध्ये नव्याने उभे राहिलेले आणि १९२९ मध्ये स्वायत्तता मिळालेले हे विद्यापीठ एका वाड्यात कायदा, दुसऱ्यात वैद्यक, तिसऱ्यात वास्तुकला अशा रीतीने चालले होते. मुलांना खेळायला जागा नव्हती. सगळे एका ठिकाणी आणायचे ठरले तेव्हा शहराच्या दक्षिणेचे हे पेद्रेगाल निवडले गेले. १९४६ मध्ये सरकारने आसपासच्या गावांची सामायिक मालकीची जमीन संपादित केली. सातशे हेक्टरांहून अधिक. कोपिल्को आणि शेजारच्या गावांतल्या कष्टकऱ्यांची ही जमीन होती. विद्यापीठाच्या गौरवगाथेत त्या गावांची नावे एका ओळीत उरकली जातात. इथे ती ओळ तरी चुकू नये.

विद्यापीठनगरीचा एकूण आराखडा मारिओ पानी आणि एन्रिके देल मोराल यांचा. त्याची बीजे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी मांडलेल्या कल्पनेत होती आणि त्या विद्यार्थ्यांत तेओदोरो गोन्सालेस दे लेओन हे पुढे नावाजलेले वास्तुविशारद होते. कामाची सूत्रे कार्लोस लासो यांच्या हाती होती. पायाचा दगड ५ जून १९५० ला बसला आणि राष्ट्राध्यक्ष मिगेल आलेमान यांची कारकीर्द संपण्याआधी उद्घाटन उरकायचे म्हणून हजारो माणसे त्या रानात राबली. २० नोव्हेंबर हा मेक्सिकन क्रांतीचा स्मृतिदिन. त्याच दिवशी नगरी लोकार्पण झाली. वर्ग मात्र तिथे १९५४ मध्ये भरू लागले. म्हणजे पुस्तके यायच्या आधी खेळाडू आले.

मैदानाची जबाबदारी औगुस्तो पेरेस पालासिओस, राउल सालिनास मोरो आणि होर्हे ब्रावो हिमेनेस या तिघा वास्तुविशारदांकडे होती. त्यांनी जे केले ते मला या साऱ्या कथेतले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते. एवढ्या मोठ्या प्रेक्षागारासाठी त्या काळची रीत म्हणजे काँक्रीटचे खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा करायचा आणि त्यावर पायऱ्या चढवायच्या. या तिघांनी उलट केले. मैदान आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल घेतले आणि खोदकामातून निघालेली माती-दगड भोवताली थरावर थर टाकून, दाबून, त्याचेच बांध केले. पायऱ्या त्या बांधांच्या आतल्या उतारावर बसवल्या. बाहेरचा उतार तिथल्याच लाव्ह्याच्या दगडाने मढवला. वरच्या भागाला तेवढा काँक्रीटचा आधार लागला. मातीचे धरण कसे उभे राहते हे ज्याने पाहिले आहे त्याला ही रीत सांगायला नको. रोलर फिरतो, थर बसतो, पुन्हा माती येते. खर्च वाचला, वेळ वाचला, आणि वास्तू त्या जमिनीतूनच उगवल्यासारखी झाली. कुइकुइल्कोचा पिरॅमिडही माती-दगडाच्या उतरत्या थरांचाच आहे, आणि तो तिथून फार लांब नाही. त्या जुन्या बांधकामाची ओळख पेरेस पालासिओस यांच्या उतारांत स्पष्ट दिसते.

आकारही सारखा नाही. पश्चिमेची बाजू उंच, पूर्वेची बुटकी. दुपारनंतर सूर्य पाठीशी असावा म्हणून जास्तीत जास्त प्रेक्षक पश्चिमेला बसवले. आत जायला बोगदे. बाहेरून माणूस बोगद्यात शिरतो आणि थेट पायऱ्यांच्या मध्यावर निघतो. तिथून कोणी वर जातो, कोणी खाली. पायपीट कमी आणि गर्दी लवकर पांगते, असा हिशेब. या बोगद्यांकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

पूर्वेकडच्या उतारावर, रस्त्याच्या दिशेला तोंड करून, चित्रकार दिएगो रिवेरा यांचे उठावशिल्प आहे. रंग एकही लावलेला नाही. देशाच्या निरनिराळ्या भागांतले नैसर्गिक रंगाचे दगड जडवून ते केले आहे. मध्यभागी विद्यापीठाच्या बोधचिन्हातले गरुड आणि कोंडोर हे दोन पक्षी, निवडुंगाच्या पानांवर. त्यांच्या छायेत आई आणि बाप आपल्या लेकराच्या हाती शांतीचे कबूतर देत आहेत. दोन्ही टोकांना मशाल पेटवणारे तरुण खेळाडू, एक मुलगा आणि एक मुलगी. आणि तळाशी सरपटणारा पिसांचा साप, केत्साल्कोआत्ल. शिल्पाच्या नावात विद्यापीठ, मेक्सिकन कुटुंब, शांती आणि खेळाडू तरुणाई हे चारही आले आहेत.

मराठी वाचकाला इथे थांबायला एक कारण आहे. हेच रिवेरा १९२० च्या दशकात मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंती रंगवत होते, तेव्हा त्यांच्या ओळखीच्या माणसांत वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे होते. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक ब्रिटिशांच्या हाती न लागता देशोदेशी भटकत मेक्सिकोत पोहोचला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागला आणि मक्याच्या सुधारित वाणांवर काम करू लागला. मंत्रालयातल्या भाकरीच्या चित्रात टेबलाशी बसून भाकरी वाटणाऱ्या माणसाचा चेहरा खानखोज्यांचा आहे असे मानले जाते. स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. ज्या हाताने वर्ध्याच्या त्या माणसाला भिंतीवर आणले, त्याच हाताने पुढे या मैदानाच्या उतारावर दगडांचे कबूतर बसवले. दोन्ही चित्रांत कोणीतरी दुसऱ्याला काहीतरी देत आहे, एकात भाकरी आणि दुसऱ्यात शांती. मला हा धागा अगदी जवळचा वाटतो.

रिवेरांच्या मनात याहून फार मोठे काम होते. साऱ्या मैदानाचा बाहेरचा उतार शिल्पांनी वेढायचा, असा त्यांचा बेत. पण पैसा आणि प्रकृती दोन्ही साथ देईनात. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले आणि मधला तेवढा तुकडा पूर्ण होऊन राहिला. बाकीचा उतार आजही उघड्या काळ्या दगडाचा आहे.

पहिल्या काही वर्षांत मैदान गाजवले ते अमेरिकन फुटबॉलने. विद्यापीठ विरुद्ध पॉलिटेक्निक हा तिथला परंपरेचा सामना. पुण्या-मुंबईत आंतरमहाविद्यालयीन क्रिकेटच्या एखाद्या जुन्या लढतीला जसे दोन्ही कॉलेजे रिकामी होत, तसा त्याचा माहोल असे. १९५५ मध्ये पॅन अमेरिकन खेळ इथे झाले. ब्राझीलच्या आदेमार फेरेइरा दा सिल्वा यांनी तिहेरी उडीत १६.५६ मीटरचा जागतिक विक्रम केला आणि अमेरिकेच्या लू जोन्स यांनी ४०० मीटर ४५.४ सेकंदांत धावून दुसरा. समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत झेप लांब जाते आणि वेगाने धावणाऱ्याला अडथळा कमी होतो, हे तेव्हाच दिसून आले होते. आठ वर्षांनी, १९६३ मध्ये, बाडेन-बाडेनच्या बैठकीत १९६८ चे ऑलिंपिक मेक्सिकोला मिळाले. लॅटिन अमेरिकेतले ते पहिले. विद्यापीठाच्या मैदानाची निवड मुख्य स्टेडियम म्हणून झाली, जागा वाढवून ८० हजारांच्या वर नेल्या आणि जुन्या खरीच्या धावपट्टीच्या जागी टार्टन ही कृत्रिम धावपट्टी आली. ऑलिंपिकच्या इतिहासात ती पहिलीच.

आणि मग ते वर्ष. जुलै १९६८ मध्ये विद्यार्थ्यांच्या किरकोळ मारामारीवर पोलिसांनी हात उगारला आणि आंदोलन पेटले. महिनाअखेर सैनिकांनी सान इल्देफोन्सोच्या तयारीशाळेचे शेकडो वर्षांचे लाकडी दार बझूकाने फोडले. विद्यापीठाचे कुलगुरू, अभियंता हाविएर बार्रोस सिएर्रा यांनी राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवला आणि १ ऑगस्टला विद्यार्थ्यांच्या पुढे होऊन ते स्वतः मोर्चात चालले. इन्सुर्हेन्तेस हाच त्या मोर्चाचा रस्ता. १३ सप्टेंबरला तोंडे बंद करून निघालेला मूक मोर्चा झाला. १८ सप्टेंबरला लष्कराने विद्यापीठनगरी ताब्यात घेतली आणि महिन्याच्या अखेरीपर्यंत ती सोडली नाही. कुलगुरूंनी राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला नाही. २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्लातेलोल्कोच्या चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मेलेल्यांचा आकडा आजवर एकमताने ठरलेला नाही. त्या वेळी दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत असलेले कवी ओक्ताव्हिओ पास यांनी निषेध म्हणून ते पद सोडले.

दहा दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, याच मैदानात ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्या वर्षी शहरभर शांतीचे पांढरे कबूतर लावले होते, कारण आयोजकांचे ते चिन्ह होते. विद्यार्थ्यांनी आपल्या पत्रकांवर त्याच कबुतरात संगीन खुपसून दाखवली. आणि मैदानाच्या पूर्वेच्या उतारावर रिवेरांचे कबूतर कित्येक वर्षांपासून बसलेले होतेच. त्या दिवशी तिथून आत शिरलेल्या प्रेक्षकांत कितीतरी आईबाप असतील ज्यांची मुले त्या नगरीत शिकत होती. उद्घाटनाचे जे वर्णन हे बाजूला ठेवून लिहिले जाते, ते मला पुरे वाटत नाही.

उद्घाटनात ज्योत चेतवली ती मेक्सिकालीच्या वीस वर्षांच्या अडथळा-धावपटू एन्रिकेता बासिलिओ यांनी. ऑलिंपिकची ज्योत पेटवणारी ती पहिली स्त्री. रिवेरांच्या शिल्पातली मशाल हाती घेतलेली मुलगी जणू दगडातून उठून पायऱ्या चढत गेली.

त्यानंतरच्या आठवडाभरात या धावपट्टीवर जे घडले ते खेळाच्या इतिहासात दाटीवाटीने बसले आहे. जिम हाइन्स १०० मीटर ९.९५ सेकंदांत. ली इव्हान्स ४०० मीटर ४३.८६ सेकंदांत. थाळीफेकीत अल ओर्टर यांचे सलग चौथे सुवर्णपदक. डिक फॉसबरी पाठीवर उलटा होऊन काठीवरून गेला आणि २.२४ मीटर उडी घेऊन जिंकला. आज शाळेतले पोरही उंच उडी तशीच मारते. तिहेरी उडीत दोन दिवसांत पाच वेळा विक्रम बदलला. इटलीचे जेन्तिले, सोव्हिएत संघाचे सानेयेव, ब्राझीलचे प्रुदेन्सिओ आणि शेवटी पुन्हा सानेयेव, १७.३९ मीटर. लांब पल्ल्यावर विरळ हवेने उलटा न्याय केला. फुप्फुसे फाटायची वेळ आली. ऑस्ट्रेलियाचे रॉन क्लार्क १०,००० मीटर संपवून कोसळले. पुरुषांच्या १,५०० मीटरपासून मॅरेथॉनपर्यंतच्या साऱ्या शर्यती आफ्रिकेच्या धावपटूंनी जिंकल्या.

१८ ऑक्टोबरला बॉब बीमन यांनी लांब उडी घेतली. जुना विक्रम ८.३५ मीटरचा होता. मोजणीचे नवे दुर्बिणीचे यंत्र रुळावरून सरकत होते, पण उडी त्याच्या टप्प्याच्या पलीकडे पडली. शेवटी पोलादी टेप आणून मोजले. ८.९० मीटर. एका उडीत ५५ सेंटिमीटर पुढे. वारा नियमाने चालतो तेवढाच, सेकंदाला दोन मीटर. हा विक्रम १९९१ मध्ये माइक पॉवेल यांनी टोकियोत मोडला. ऑलिंपिकचा विक्रम म्हणून तो अजून उभा आहे.

त्याच्या दोन दिवस आधी, १६ ऑक्टोबरला, टॉमी स्मिथ २०० मीटर १९.८३ सेकंदांत जिंकले. ऑस्ट्रेलियाचे पीटर नॉर्मन दुसरे, जॉन कार्लोस तिसरे. स्मिथ आणि कार्लोस दोघेही कॅलिफोर्नियातल्या सान होसे स्टेट कॉलेजचे विद्यार्थी. पदक घ्यायला ते पायात बूट न घालता, काळ्या मोज्यांत आले. राष्ट्रगीत सुरू झाले तशी दोघांनी माना खाली घातल्या आणि काळा हातमोजा चढवलेली एकेक मूठ वर केली. नॉर्मन यांनी हात वर केला नाही, पण त्या दोघांसारखाच मानवी हक्कांचा बिल्ला छातीवर लावला होता. दोघा अमेरिकनांना संघातून काढून घरी पाठवले गेले. विद्यार्थ्यांच्या रक्ताने सुरू झालेल्या त्या महिन्यात विद्यापीठाच्या मैदानातली सर्वांत मोठी गोष्टही दोन विद्यार्थ्यांनीच केली, आणि तीही एक शब्द न बोलता.

२० ऑक्टोबरला मॅरेथॉन सोकालोच्या चौकातून निघून इथे संपली. इथिओपियाचे मामो वोल्दे पहिले आले. त्यानंतर तासाहून अधिक वेळाने, बहुतेक प्रेक्षक निघून गेल्यावर, टांझानियाचे जॉन स्टीफन अखवारी पायाला पट्टी बांधून लंगडत आत आले. वाटेत पडून त्यांचा गुडघा जायबंदी झाला होता. ते चालत, धावत शेवटची फेरी पुरी करून गेले. उरलेल्या लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

अकरा वर्षांनी पुन्हा विद्यार्थ्यांचेच खेळ इथे आले. १९७९ च्या जागतिक विद्यापीठ खेळांत इटलीच्या पिएत्रो मेन्नेआ यांनी १२ सप्टेंबरला २०० मीटर १९.७२ सेकंदांत धाव घेतली. टॉमी स्मिथ यांचा विक्रम ज्या मैदानात झाला, त्याच मैदानात तो मोडला. मेन्नेआंचा विक्रम पुढे १७ वर्षे टिकला.

दरम्यान मैदान फुटबॉलचे झाले होते. विद्यापीठाचा व्यावसायिक संघ 'पुमास' १९५४ मध्ये स्थापन झाला, १९६२ मध्ये पहिल्या श्रेणीत चढला आणि १९७६-७७ च्या मोसमात पहिल्यांदा विजेता ठरला. त्या संघात एक कोवळा पोरगा होता, उगो सांचेस. विद्यापीठात दंतवैद्यक शिकणारा. पदवी घेऊन तो स्पेनला गेला आणि रेआल माद्रिदचा गोलवीर झाला. अशी उदाहरणे थोडी, पण विद्यापीठाच्या संघाकडून लोकांची जी अपेक्षा असते ती अशाच मुलांतून भागते.

२६ मे १९८५ बद्दल लिहिताना हात जड होतो. पुमास आणि अमेरिका या संघांचा अंतिम सामना. मैदान आधीच भरून वाहत होते आणि बाहेर तिकिटे असलेले लोकही आत येऊ पाहत होते. २९ क्रमांकाच्या बोगद्यात माणसांवर माणसे चेपली गेली. आठ जण गुदमरून मेले, त्यांत मुलेही होती. गर्दी लवकर पांगावी म्हणून पेरेस पालासिओस यांनी जे बोगदे आखले, त्यांतलाच एक मरणाचा झाला. दोष बोगद्याचा नव्हता. एका जागेत किती माणसे मावतात हे न पाहता दारे चालवली गेली. पुढच्या वर्षी जून १९८६ मध्ये विश्वचषकाचे सामने इथे झाले. मारादोना यांचा अर्जेंटिना दक्षिण कोरिया आणि बल्गेरियाशी इथेच खेळला, आणि फ्रान्सने इटलीला इथेच घरी पाठवले.

२००७ मध्ये युनेस्कोने विद्यापीठनगरीचा मध्यवर्ती भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतला आणि त्यात हे मैदानही आले. हुआन ओ'गोर्मान यांनी दगडी चित्रांनी मढवलेले ग्रंथालय रस्त्याच्या पलीकडे आहे. लाव्ह्याचे उरलेसुरले रान विद्यापीठाने १९८३ पासून राखीव ठेवले आहे. बांधकामाआधी साऱ्या परिसराचे रूप कसे होते ते तिथल्या निवडुंगांच्या कपारींत पाहायला मिळते.

पुमासचा घरचा सामना रविवारी भर दुपारी बाराला, ही तिथली परंपरा. सूर्य डोक्यावर असतो, पश्चिमेच्या उंच बाजूलाही सावली नसते. टोप्या, वर्तमानपत्रे, डोक्यावर घेतलेले सदरे. आजोबा नातवाला बोट धरून आणतात. पूर्वेकडून येणारे दगडी कबुतरासमोरून जातात, पुढे रिवेरांचा न झालेला उघडा उतार लागतो, मग बोगदा. विद्यापीठाचे क्रीडागीत सुरू होते तेव्हा हजारो माणसे उभी राहतात, आणि ते गाताना प्रत्येकाची एक मूठ वर असते.